शब्द कळले नाहीत तरी चालतील: आर.ई.एम.चे सुरुवातीचे अल्बम कसे ऐकावेत, कसे जोखावेत

सोलापुरातली गड्ड्याची यात्रा संपत आली होती. होम मैदानावरचे पाळणे उतरवायला लागले होते आणि माझा भाचा आमच्याकडे मुक्कामाला होता. तो गिटार शिकतोय, वर्गातल्या तिघांना घेऊन बँड काढायचं त्याच्या मनात आहे. म्हणून मी त्याला आर.ई.एम. या अमेरिकन बँडचा 'मर्मर' हा पहिला अल्बम लावून दिला. तिसऱ्या गाण्याला त्याने इयरफोन काढले. "मामा, काय म्हणतोय हा माणूस? एक शब्द कळंना की ओ. इंग्लिशच आहे ना?"

प्रश्न रास्त होता. १९८३ साली हा अल्बम निघाला तेव्हा इंग्रजी मातृभाषा असलेले अमेरिकन लोकही हेच विचारत होते. पण हा मुलगा वाढलाय पूर्व भागात. शेजारीपाजारी पद्मशाली कुटुंबं, खाली यंत्रमाग, मागावर काम चालू असताना दिवसभर तेलुगू गाणी. त्यातली कितीतरी त्याला तोंडपाठ आहेत आणि त्यातल्या दहा शब्दांचा अर्थही त्याला सांगता येत नाही. मी एवढंच म्हटलं, "ती गाणी ऐकतोस ना, तसंच हे ऐक." त्याने इयरफोन परत घातले आणि त्या रात्री अल्बम पुरा केला.

त्यानंतर आम्ही दोघांनी या बँडचं पहिल्या पाच वर्षांतलं काम क्रमाने ऐकलं, वहीत नोंदी केल्या, भांडलो, पुन्हा ऐकलं. एखाद्या बँडचे सुरुवातीचे अल्बम जोखायचे कसे, हे ज्याला पहिल्यापासून शिकायचंय त्याच्यासाठी तीच वाट इथे मांडतो. ही रीत दुसऱ्या बँडलाही लागू पडते, पण शिकताना उदाहरण एकच धरावं. कान एका जागी बसतो.

पायरी १: हद्द ठरवून घ्या

'सुरुवातीचे' म्हणजे नेमके कोणते हे आधी ठरवलं नाही, तर पुढच्या कीर्तीच्या मापाने मागचं काम मोजलं जातं. बहुतेक नवे श्रोते इथेच चुकतात. त्यांनी १९९१ चं 'लूजिंग माय रिलिजन' ऐकलेलं असतं. तो मॅन्डोलिन, तो स्पष्ट आवाज डोक्यात घेऊन ते 'मर्मर'कडे येतात आणि हिरमुसतात.

हे चौघे १९८० मध्ये जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावात एकत्र आले. गायक मायकल स्टाइप, गिटारवर पीटर बक, बेसवर माइक मिल्स, ड्रम्सवर बिल बेरी. बक रेकॉर्डच्या दुकानात कामाला होता. स्टाइप कलेचा विद्यार्थी, त्या दुकानात येऊन-जाऊन असायचा. ५ एप्रिल १९८० ला त्यांनी लोकांसमोर पहिल्यांदा वाजवलं, तेही एका जुन्या चर्चमध्ये, वाढदिवसाच्या जमावापुढे.

पुढचा क्रम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. १९८१: 'रेडिओ फ्री युरोप' ही सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची तबकडी. १९८२: 'क्रॉनिक टाउन', पाच गाण्यांची ईपी, म्हणजे अल्बमहून छोटी तबकडी. १९८३: 'मर्मर'. १९८४: 'रेकनिंग'. १९८५: 'फेबल्स ऑफ द रिकन्स्ट्रक्शन'. मी इथे रेघ मारतो. १९८६ च्या 'लाइफ्स रिच पेजंट'पासून गायकाचा आवाज पुढे आला, शब्द कळायला लागले, आणि तो त्यांचा पहिला गोल्ड अल्बम ठरला, म्हणजे अमेरिकेत पाच लाख प्रती. १९८७ मध्ये त्यांचं गाणं अमेरिकेच्या यादीत पहिल्या दहांत गेलं, १९८८ मध्ये ते वॉर्नर ब्रदर्ससारख्या बड्या कंपनीकडे गेले. हे सगळं ऐकण्यासारखं आहे, पण पहिल्या महिन्यात रेघेपलीकडे जाऊ नका.

पायरी २: प्रत, क्रम आणि जागा

फोनवरच्या ॲपमध्ये बँडचं नाव टाकलं की सगळ्यांत जास्त वाजलेली गाणी वर येतात. तिथून सुरुवात करू नका. अल्बमचं पान उघडा, शफल बंद करा, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत जाऊ द्या.

दुसरी अडचण वाढीव आवृत्त्यांची. 'मर्मर'ची २००८ मध्ये आलेली आवृत्ती जोडीला १९८३ चा टोरांटोतला कार्यक्रम घेऊन येते, 'रेकनिंग'च्या २००९ च्या आवृत्तीत १९८४ चा शिकागोतला आहे. कार्यक्रम दोन्ही चांगले, पण अल्बम जिथे संपतो तिथे तुम्हीही थांबायला हवं, नाहीतर शेवटच्या गाण्याचं वजन कळत नाही. आकडे लक्षात ठेवा: 'मर्मर' १२ गाणी, 'रेकनिंग' १०, 'फेबल्स' ११. 'क्रॉनिक टाउन' बरीच वर्षं सुटी मिळत नव्हती, १९८७ च्या 'डेड लेटर ऑफिस' या संग्रहाच्या सीडीला मागे जोडलेली असायची. २०२२ पासून ती वेगळी निघाली आहे.

तेव्हाच्या तबकडीला दोन बाजू होत्या हेही विसरू नका. 'मर्मर'ची सहा गाणी एका बाजूला, सहा दुसऱ्या. सहाव्या गाण्यानंतर अर्धा मिनिट थांबा, उठून पाणी प्या. गाण्यांचा क्रम लावणाऱ्याने तो थांबा हिशोबात धरलेला असतो. आपल्या चादरीला जशी उलट बाजू फेकून द्यायची नसते, रंग उलटे होऊन तीच नक्षी तिथेही येते, तसंच या तबकड्यांचं आहे. दुसरी बाजू भरतीची नाही.

आता जागा. फोनच्या स्पीकरवर हे ऐकू नका, कारण त्यातून माइक मिल्सचा बेस जवळजवळ नाहीसा होतो आणि या बँडमध्ये अर्धी चाल बेसमध्ये असते. साधे वायरचे इयरफोनही पुरतात. सोलापुरात मार्च ते जून घरोघर कूलर चालू असतो, आणि कूलरची घरघर नेमकी बेसच्या पट्टीत येते. आम्ही रात्री दहानंतर गच्चीत ऐकायचो. तिथेही लांबून मागांची खटखट येत होती, पण ती तालात असते, तिचा त्रास झाला नाही. दुसऱ्यांदा ऐकायला प्रवास चांगला. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघालात तर कुर्डुवाडी यायच्या आत 'रेकनिंग'ची ३८ मिनिटं आरामात होतात.

पायरी ३: पहिल्या तीन वेळा शब्दांच्या मागे लागू नका

गाण्याचे बोल इंटरनेटवर मिळतात. ते उघडू नका, निदान तिसऱ्या वेळेपर्यंत. या बँडने पहिल्या अल्बमांबरोबर गाण्याचे शब्द छापले नाहीत. तुम्ही जे वाचाल ते बहुतेक कुणीतरी कान लावून उतरवलेलं असेल, आणि एकदा वाचलं की कानाला तेवढंच ऐकू येतं.

शब्दांऐवजी काय ऐकायचं? एका वेळी एकच वाद्य धरा. पहिल्यांदा फक्त ड्रम्स, पुढच्या वेळी फक्त बेस, मग गिटार, मग आवाज. कंटाळवाणं वाटेल, पण दोन गाण्यांतच कळायला लागतं की इथे कोण काय करतंय. सर्वसाधारण रॉकमध्ये बेस ड्रम्सला टेकू देतो आणि गिटार मिरवते. इथे उलटापालट आहे. मिल्सचा बेस वर-खाली फिरत स्वतःची चाल गातो. बक रिकनबॅकर गिटारवर तारा एकेक करून छेडतो, मोकळ्या, किणकिणत्या. लांबलचक एकल वादन तो टाळतोच. गिटारवाल्याने मधे येऊन कसब दाखवायचं, ही रॉकची सवय त्यांनी सुरुवातीपासून बाजूला ठेवली.

मी भाच्याला मागावरची भाषा वापरून सांगितलं, कारण ती त्याला माझ्यापेक्षा जास्त येते. बेरीचे ड्रम्स आणि मिल्सचा बेस हा ताणा, बकची गिटार आडवी जाणारी बाण्याची दोरी, आणि स्टाइपचा आवाज म्हणजे वर उठलेली नक्षी नव्हे, तर त्याच कापडातला एक रंग. तो म्हणाला, "म्हणजे आवाज मागे ठेवलाय मुद्दाम." हो, मुद्दाम. स्टाइपचा आवाज बाकीच्या वाद्यांच्या पातळीला आहे, कधी त्यांच्याही खाली.

त्यात आणखी एक गोष्ट शोधा. मिल्स आणि बेरी दोघंही मागे गातात, आणि पुष्कळदा स्टाइप गातोय तेच गात नाहीत. वेगळी ओळ, वेगळी चाल, एकाच वेळी. 'रेकनिंग'च्या पहिल्याच गाण्यात, 'हार्बरकोट'मध्ये, हे इतकं दाट आहे की आम्हाला आवाज वेगळे काढायला चार वेळा ऐकावं लागलं. भजनात टाळकरी मुख्य गायकाची ओळ संपायच्या आत उचलतात तेव्हा जो भरीव आवाज होतो, त्याची आठवण मला झाली.

आणि गाण्यांखालची नावं बघा. बेरी, बक, मिल्स, स्टाइप. जवळजवळ प्रत्येक गाणं चौघांच्या नावावर, इंग्रजी वर्णक्रमाने. गाणं कुणी आणलं हे बाहेर सांगायचं नाही, असा त्यांचा रिवाज होता. ऐकताना एक माणूस पुढे आणि तीन मागे असं का वाटत नाही, याचं एक कारण तिथे आहे.

पायरी ४: उणीव की निवड, हे दर वेळी विचारा

सगळ्या लेखातली एकच पायरी करायची असेल तर ही करा. नव्या बँडच्या कामात काही खटकलं की स्वतःला विचारा: हे जमलं नाही म्हणून असं आहे, की असंच हवं होतं म्हणून? धूसर आवाज, ताणलेला ताल, अर्धवट शब्द, पातळ ड्रम्स. प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघू शकतं. आणि उत्तर अंदाजाने द्यायचं नाही, पुरावा शोधायचा.

आर.ई.एम.च्या बाबतीत पुरावा भरपूर आहे. १९८१ ची सिंगल आणि १९८२ ची ईपी त्यांनी मिच ईस्टर या ध्वनिमुद्रकाकडे केली. त्याचा स्टुडिओ होता त्याच्या आईवडिलांच्या घराच्या गॅरेजमध्ये, नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलम इथे. हे गाव सोलापूरकराला ओळखीचं वाटावं असं आहे: तंबाखू आणि कापड, या दोन धंद्यांवर वाढलेलं. आपल्याकडे विडी आणि चादर, त्यांच्याकडे सिगारेट आणि होजिअरी. गॅरेजमधलं काम म्हटल्यावर कुणीही म्हणेल, आवाज धूसर आहे कारण जागा आणि पैसा नव्हता.

पण पुढे काय झालं ते बघा. 'मर्मर'च्या आधी त्यांच्या आय.आर.एस. या कंपनीने त्यांना स्टीफन हेग या निर्मात्याबरोबर बसवलं. हेगची पद्धत चोख. एकच गाणं, 'कॅटापुल्ट', पुन्हा पुन्हा वाजवून घेतलं, आणि नंतर बँडला न विचारता त्यावर कीबोर्ड चढवले. काम सफाईदार झालं असतं, पैसाही कंपनीचा होता. चौघांनी नको म्हटलं आणि मिच ईस्टरकडेच जाण्याची परवानगी मागितली. कंपनीने परीक्षा म्हणून एक गाणं करून आणायला सांगितलं. ते 'पिल्ग्रिमेज', आज 'मर्मर'चं दुसरं गाणं. कंपनीला ते पटलं. मग ईस्टर आणि डॉन डिक्सन या दोघांनी १९८३ च्या सुरुवातीला शार्लटच्या रिफ्लेक्शन स्टुडिओत अल्बम पुरा केला.

म्हणजे सफाई दारात आली होती आणि त्यांनी ती परत पाठवली. आता 'मर्मर'चा धूसरपणा ऐका. ती उणीव म्हणता येणार नाही.

उलट बाजूचं उदाहरणही देतो, नाहीतर प्रत्येक दोषाला 'मुद्दाम केलंय' म्हणण्याची सवय लागते. 'रेडिओ फ्री युरोप' त्यांनी दोनदा ध्वनिमुद्रित केलं. पहिलं १९८१ चं, हिब-टोन या छोट्या कंपनीसाठी, पहिल्या खेपेला फक्त हजार प्रती काढलेलं. दुसरं 'मर्मर'साठी. पहिलं १९८८ च्या 'एपॉनिमस' या संग्रहात आहे. दोन्ही लागोपाठ ऐका. पहिल्यात घाई आहे, आवाज एकमेकांवर आदळतात, गायक जणू शेजारच्या खोलीत आहे. दुसरं सावकाश, भारदस्त, सुरुवातीला विजेच्या गुणगुण्यासारखा चमत्कारिक आवाज. पहिल्यातला चिखल काही अंशी साधनांचा आहे, हे दुसरं ऐकल्यावर स्पष्ट होतं. पण पहिल्यातली धाव दुसऱ्यात राहिली नाही. मला पहिलं जास्त आवडतं. भाच्याला दुसरं. दोघांनीही कारण लिहून ठेवलंय, आणि जोखणं म्हणजे तेवढंच: आवडलं की नाही याच्या पुढे जाऊन कारण लिहिता येणं.

पायरी ५: एकेक हातात घ्या

'क्रॉनिक टाउन' वीस मिनिटांत संपते. 'कार्निव्हल ऑफ सॉर्ट्स' हे गाणं जत्रेतल्या वाजंत्रीच्या तुकड्याने उघडतं, आणि गड्ड्यात पाळण्याजवळ उभं राहून लांबून येणारी गाणी ज्याने ऐकलीत त्याला ते लगेच लागतं. इथे एवढंच तपासा की पुढच्या अल्बममधलं काय काय आधीच हजर आहे. माझ्या मते जवळजवळ सगळं. कमी आहे ती फक्त उसंत.

'मर्मर'साठी मात्र आठवडा द्या. १२ एप्रिल १९८३ ला निघालेला, ४४ मिनिटांचा. मुखपृष्ठावर कुड्झू नावाची वेल सगळं झाकून बसलेली दिसते. ही वेल मूळची जपानकडची, अमेरिकेत मातीची धूप थांबवायला लावली आणि दक्षिणेत घरं, झाडं, खांब गिळत गेली. आपल्याकडच्या वेड्या बाभळीसारखंच, बाहेरून आली आणि आवरेना. मागच्या बाजूला अथेन्समधला लाकडी रेल्वेपूल आहे. ही दोन चित्रं समोर ठेवून अल्बम ऐका. खाली काहीतरी ठाम आकाराचं आहे, वर पाला पसरलाय. गाणीही तशीच बांधलेली आहेत: खालचा सांगाडा अगदी पक्का, मुखडा-अंतरा जागच्या जागी, आणि वर धूसर आवाज. घाईने ऐकणाऱ्याला फक्त पाला दिसतो.

यात तीन जागा मुद्दाम थांबून ऐका. चौथं, 'टॉक अबाउट द पॅशन', त्यातला चेलो कुठे शिरतो ते पकडा. त्यात स्टाइप मधेच फ्रेंच बोलतो. सहावं, 'परफेक्ट सर्कल', दोन वेगळ्या पियानोंचे सूर एकावर एक ठेवलेले. पहिल्या बाजूचं हे शेवटचं गाणं, आणि इथे मला हा अल्बम मोठा वाटायला लागला. बावीस-पंचविशीतल्या पोरांनी इतकं संथ, इतकं न रेटता काही करावं याचं आजही नवल वाटतं. अकरावं, 'वुई वॉक', यात दूरवर गडगडाट ऐकू येतो. ते ढग नव्हेत. बिलियर्डच्या गोट्या एकमेकींवर आपटून तो आवाज घेतला आणि टेप संथ केली. पैसा कमी आणि कल्पना जास्त असली की असं सुचतं.

'मर्मर'मध्ये दोष नाही का? आहे. दुसऱ्या बाजूला 'नाइन-नाइन'सारखं गाणं मला कोरडं वाटतं, अवघडपणा दाखवायला केल्यासारखं. भाच्याला तेच सगळ्यांत आवडलं, गिटारमुळे. त्याच्या वहीत त्याला पाचपैकी पाच आहेत.

'रेकनिंग' नव्या माणसासाठी सगळ्यांत सोपं दार आहे. तेच निर्माते, तोच स्टुडिओ, पण काम जेमतेम दोन आठवड्यांचं, आणि आवाज मोकळा, मंचावर वाजवल्यासारखा. तबकडीच्या पाकिटाच्या कडेवर छापलं होतं 'फाइल अंडर वॉटर', म्हणजे ही 'पाणी' या सदरात लावा, आणि खरंच अल्बमभर पाऊस, नद्या, बंदरं आहेत. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आपल्या गावात बसून हे ऐकताना माझं लक्ष त्या पाण्याकडे जरा जास्तच गेलं. 'साउथ सेंट्रल रेन' हे गाणं त्यांनी ऑक्टोबर १९८३ मध्ये डेव्हिड लेटरमनच्या टीव्ही कार्यक्रमात वाजवलं, तेव्हा त्याला नावसुद्धा नव्हतं. त्यात स्टाइप नुसती क्षमा मागतो, पुन्हा पुन्हा, आणि शेवटी शब्द सुटून नुसता आक्रोश उरतो. शब्द न कळण्याची तक्रार करणाऱ्याला मी हे गाणं देतो.

याच अल्बममधली एक हकिकत प्रत्येक नव्या श्रोत्याला माहीत असावी. 'सेव्हन चायनीज ब्रदर्स' गाताना स्टाइपचा आवाज लागत नव्हता, पुटपुटल्यासारखा येत होता. डिक्सनने त्याला मोकळं करायला स्टुडिओत पडलेली एक ख्रिस्ती भक्तिगीतांची जुनी तबकडी हातात दिली. स्टाइपने तिच्या पाठीवर छापलेला मजकूर, गायकांची नावं, स्तुती, सगळं त्याच वाद्यसंगतीवर, त्याच चालीत गाऊन टाकलं. त्यानंतर मूळ गाणं नीट झालं. तो मजकूर गायलेला प्रकारही जपला गेला, 'व्हॉइस ऑफ हॅरोल्ड' या नावाने 'डेड लेटर ऑफिस'मध्ये आहे. दोन्ही लागोपाठ ऐका. एका पाकिटावरची जाहिरात कानाला प्रार्थनेसारखी लागते. तिसऱ्या पायरीत शब्द बाजूला ठेवा म्हटलं ते का, हे इथे सिद्ध होतं.

'फेबल्स' अवघड आहे आणि त्यावर घाईने मत देऊ नये. या वेळी ते लंडनला गेले, निर्माता जो बॉइड, ज्याचं नाव ब्रिटिश लोकसंगीताशी जोडलेलं. १९८५ च्या फेब्रुवारी-मार्चचे दिवस. सतत थंडी, पाऊस, घर लांब, दौऱ्यांनी थकलेले चौघे. बँड तेव्हा मोडायच्या बेतात आला होता, असं त्यांनीच पुढे सांगितलं. अल्बम काळवंडलेला आहे. पहिल्या गाण्यात गिटार कर्कश, वर तंतुवाद्यं. विषय मात्र सगळा घरचा: अमेरिकेच्या दक्षिणेतली विक्षिप्त माणसं, रेल्वे, नकाशे, गावगप्पा. 'ड्रायव्हर एट' हे आगगाडीचं गाणं रेल्वेच्या गावात राहणाऱ्या कुणालाही पहिल्या फटक्यात आवडेल. शेवटचं 'वेंडेल गी' बॅन्जोवर हळूच मिटतं.

माझं मत: गावापासून लांब गेल्यावरच त्यांना गावाविषयी इतकं थेट गाता आलं. पण ध्वनिमुद्रण गढूळ आहे, आणि 'मर्मर'सारखं ते निवडीचं वाटत नाही. तिथे धुक्यातून प्रत्येक वाद्य वेगळं काढता येत होतं, इथे काही गाण्यांत बेस आणि ड्रम्स एकमेकांत मिसळून जातात. 'कान्ट गेट देअर फ्रॉम हिअर' हे पितळी वाद्यांचं उसळतं गाणं बाकीच्यांत बसत नाही असंही मला वाटतं. चौथ्या पायरीतला प्रश्न इथे खरा कस लावतो, आणि तुमचं उत्तर वेगळं आलं तर पुराव्यासकट येऊ द्या.

पायरी ६: आता दुसऱ्यांचं ऐका

आकडे आणि समीक्षा आतापर्यंत लांब ठेवल्या, आता उघडा. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत 'मर्मर' ३६ पर्यंत गेला, 'रेकनिंग' २७, 'फेबल्स' २८. 'रेडिओ फ्री युरोप' ७८ वर अडकलं. 'रोलिंग स्टोन' मासिकाने मात्र 'मर्मर'ला १९८३ चा सर्वोत्तम अल्बम ठरवलं. यातून एवढंच कळतं की सुरुवातीला त्यांना ऐकणारे थोडे होते, पण मन लावून ऐकणारे होते, आणि ते दौऱ्यांनी, कॉलेजांच्या रेडिओंनी वाढत गेले. अल्बम चांगला की वाईट हे या आकड्यांत शोधू नका.

बोल वाचायचे असतील तर ते आता वाचा. तुम्ही वहीत काय ऐकलं म्हणून लिहिलंय त्याच्या शेजारी ठेवा. जिथे तुमचं ऐकलेलं आणि छापलेलं जुळत नाही, तिथे गाणं पुन्हा लावून बघा. बऱ्याच ठिकाणी तुमचंच बरोबर वाटेल.

पायरी ७: पंधरा दिवस थांबून उलट क्रमाने

दोन आठवडे यातलं काही ऐकू नका. मग रेघेपलीकडचा १९८६ चा 'लाइफ्स रिच पेजंट' पहिल्यांदा ऐका. निर्माता डॉन गेमन, ड्रम्स ठणठणीत, स्टाइप समोर उभा राहून बोलतोय. तिथून मागे या: 'फेबल्स', 'रेकनिंग', 'मर्मर', 'क्रॉनिक टाउन', आणि शेवटी १९८१ ची ती हिब-टोनची सिंगल. पुढे जाताना काय मिळालं हे पहिल्या फेरीत कळलं होतं. काय सुटलं ते या फेरीत कळतं. पहिल्या फेरीतले गुण खोडू नका, शेजारी नवे लिहा.

भाच्याची ही फेरी गेल्या आठवड्यात झाली. आता ते चौघे भवानी पेठेत, एकाच्या काकांच्या बंद पडलेल्या मागाच्या खोलीत, एका फोनवर आपली पहिली दोन गाणी रेकॉर्ड करतायत. त्याने मला एक पाठवलं आणि खाली लिहिलं, "मामा, आवाज मागे आहे, तो मुद्दाम. ड्रम्स पातळ आहेत, ते पत्र्यामुळे. पोती लावून परत करणार आहोत."